फायलीत रोस्टरही लावा

ग्वाल्हेरात रात्री दोननंतर एखादी १०८ रुग्णवाहिका भोंगा वाजवत हजिऱ्याकडून येते, किला गेट ओलांडते आणि फूलबागेच्या दिशेने निघून जाते. चौकात जागे असलेले लोक मानसुद्धा वर करीत नाहीत, इतकी ती सवयीची झाली आहे. आत कित्येकदा मुरैन्याकडची अडलेली बाई असते. सोबत सासू, नवरा आणि ‘रेफर’ असा शेरा मारलेला कागद. भिंड, मुरैना, दतिया, शिवपुरी, श्योपूर या सगळ्या मुलखातली अवघड बाळंतपणे शेवटी ग्वाल्हेरच्या कमलाराजा रुग्णालयात येतात. त्यापुढे पाठवायचे तर दिल्ली किंवा भोपाळ, आणि रक्त वाहत असताना दिल्ली फार लांब असते. त्यामुळे तिथल्या लेबर रूममध्ये उभ्या असलेल्या सिस्टरला आणि पीजी करणाऱ्या ज्युनिअर डॉक्टरला ‘आता जागा नाही’ असे म्हणण्याची सोय नाही. खालच्या रुग्णालयाला रेफर करून हात झटकता येतात, यांना येत नाहीत.

प्रसूती विभागातल्या माणसांच्या ताणाबद्दल बोलताना सुरुवात इथून करायला हवी. २००५ साली जननी सुरक्षा योजना आली. त्या सुमाराच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मध्य प्रदेशातली जेमतेम २६ टक्के बाळंतपणे दवाखान्यात होत होती. २०१९-२१च्या पाहणीत हा आकडा ९० टक्क्यांच्या वर गेला. हे मोठेच यश आहे. पण घराघरांत विखुरलेले काम एका छताखाली आणले, तेव्हा ते करणारे हात त्याच प्रमाणात वाढवले का? हा हिशेब सरकारने कधी सरळ मांडलेला नाही. २०१८-२०च्या आकडेवारीनुसार एक लाख जिवंत जन्मांमागे महाराष्ट्रात ३३ माता दगावल्या, केरळात १९, मध्य प्रदेशात १७३. यामागे पंडुरोग, लवकर लग्ने, रस्ते, रक्तपेढ्या अशी बरीच कारणे आहेत. त्यांतले थकलेला माणूस हे कारण मात्र कोणत्याही तक्त्यात दिसत नाही.

ते कारण कसे काम करते, हे नीट पाहण्यासारखे आहे. बाळंतपणानंतर गर्भाशय आकसले नाही तर रक्तस्राव सुरू होतो. दिवस भरलेल्या गर्भाशयातून मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहूनही अधिक रक्त फिरत असते, म्हणजे हातात वेळ असतो तो मिनिटांचा. बहुतेक ठिकाणी आजही रक्त किती गेले याचा अंदाज नजरेनेच घेतात. चादर किती भिजली, पॅड कितीदा बदलले, पोटावर हात ठेवल्यावर गर्भाशय घट्ट लागते की मऊ. पहाटे चार वाजता, लागोपाठच्या तिसऱ्या नाइटला, शेजारच्या टेबलावर दुसरी बाई कळा देत असताना ही नजर आणि हा हात शाबूत राहावा, अशी आपली अपेक्षा असते. तो राहतोही, बहुतेक वेळा. ज्या वेळी राहत नाही, त्या वेळी चौकशी बसते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली, तेव्हा त्याला आजार म्हटले नाही. कामाच्या जागी साचत गेलेल्या आणि कुणी निस्तरून न दिलेल्या ताणाचा तो परिणाम आहे, असे म्हटले. शक्तिपात, कामाबद्दल आलेला कोरडेपणा आणि आपल्या हातून काही नीट होत नाही ही भावना, ही त्याची तीन लक्षणे. त्यांतला कोरडेपणा लेबर रूमच्या बाहेर बसलेल्या नातेवाइकांनाही ऐकू येतो. कळा देणाऱ्या बाईवर खेकसणे, तिला लाज वाटेल असे टोमणे मारणे, मांडीवर चापट मारणे हे प्रकार आपल्याकडे नवे नाहीत आणि त्यांचे समर्थन होऊ शकत नाही. पण ज्या सिस्टरला बारा तासांत पाणी प्यायला फुरसत झाली नाही, तिला सन्मानपूर्वक मातृसेवेचा भिंतीवरचा फलक दाखवून ते थांबणारही नाहीत.

यावरचा ठरलेला सरकारी उतारा म्हणजे ताण-व्यवस्थापनाची कार्यशाळा. दीपप्रज्वलन, प्राणायाम, चहा-बिस्किटे, फोटो. नाइट संपवून आलेल्यांना तिथे सक्तीने बसवले जाते, हा त्यातला विनोद. प्राणायामाशी आमचे भांडण नाही, पण प्रश्न श्वासाचा नसून रोस्टरचा आहे. केंद्राच्या १९९२च्या निर्देशात निवासी डॉक्टरांना सलग बारा आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांपेक्षा जास्त ड्यूटी देऊ नये, असे म्हटले होते. पुढे राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कृती गटाने २०२४ मध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर अहवाल दिला. त्यात मर्यादा सुचवली ती आठवड्याला ७४ तासांची! बत्तीस वर्षांत सुधारणा झाली ती सव्वीस तास वाढवून, आणि तरीही अनेक निवासी डॉक्टरांना हे ७४ तास दिलासाच वाटतील, यावरून आजचे तास किती असतील ते समजावे. संविदेवरच्या नर्सेसची गोष्ट आणखी वेगळी. काम कायम नोकरीवालीइतकेच, पण तक्रार केली तर करार पुढे चालू राहील की नाही याची धास्ती.

या धास्तीला दुसरीही बाजू आहे. २०२२च्या मार्चमध्ये राजस्थानात लालसोटला प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाने एक माता दगावली. जमाव जमला आणि पोलिसांनी डॉक्टर बाईंवर थेट खुनाचे कलम लावले. २९ मार्चला त्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी आपले जीवन संपवले. स्वतंत्र वैद्यकीय मत घेतल्याशिवाय डॉक्टरवर फौजदारी कारवाई करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने जेकब मॅथ्यू खटल्यात २००५ सालीच बजावले होते. वैद्यकीय सेवेतल्यांना संरक्षण देणारा कायदा मध्य प्रदेशातही २००८ पासून आहे. पण रात्री तीन वाजता दाराशी पन्नास माणसे उभी असतात तेव्हा कायद्याचे पुस्तक कपाटात असते आणि गार्ड एकच. लालसोटच्या डॉक्टर बाई गेल्या त्याच्या नेमके दुसऱ्या दिवशी, ३० मार्चला, इंग्लंडमधल्या श्रूझबरी आणि टेलफोर्ड रुग्णालयांतल्या माता व अर्भकांच्या मृत्यूंवरचा ऑकेंडेन अहवाल प्रसिद्ध झाला. चुकांवर त्याने पांघरूण घातले नाही. पण अपुरे मनुष्यबळ, अपुरे प्रशिक्षण आणि बोलायला घाबरणारे कर्मचारी यांकडे त्याने बोट दाखवले, आणि दुरुस्ती सुचवली ती व्यवस्थेत.

कमलाराजातल्या माणसांना धैर्य शिकवण्याची गरज नाही. २०२५च्या मार्चमध्ये मध्यरात्रीनंतर तिथल्या प्रसूती विभागात एसीतून आग लागली, तेव्हा दीडशेहून अधिक रुग्णांना सुखरूप बाहेर काढले गेले. अशा रात्रीनंतर त्यांच्याशी कुणी निवांत बसून बोलते का? एखादी आई हातात दगावल्यावर पुढच्या टेबलाकडे जाण्याआधी त्या सिस्टरला अर्धा तास बाजूला बसू दिले जाते का? टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो आणि तो वॉर्डात लावावाच. पण ती सोबत नव्हे; सोबत शेजारच्या माणसाने करायची असते, आणि त्यासाठी शेजारी माणूस असावा लागतो.

आमची मागणी एकच आणि अगदी कारकुनी आहे. केंद्राच्या २०१७च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रत्येक मातामृत्यूचा आढावा घ्यावा लागतो. उद्देश दोषी शोधण्याचा नाही, हे त्यात स्पष्ट आहे. या आढाव्यात तीन विलंब पाहतात: घरात निर्णयाला झालेला, वाटेत झालेला आणि रुग्णालयात उपचार मिळायला झालेला. तिसऱ्या विलंबाच्या रकान्यापाशी त्या दिवसाचे रोस्टरही जोडावे. ड्यूटीवरची सिस्टर आणि डॉक्टर किती तासांपासून जागे होते, त्या पाळीत कळा देणाऱ्या बायका किती होत्या, त्यांच्यासाठी हात किती होते, आधीच्या आठवड्यात ‘ऑफ’ मिळाला होता की नाही. नावे नकोत, फक्त तास आणि संख्या. वर्षभरात जिल्ह्याजिल्ह्याचे असे कागद साठले की नर्सेसच्या रिकाम्या जागांची मागणी अर्थखात्याला टोलवणे अवघड जाईल.

यासाठी नवी योजना नको, निधी नको, भोपाळहून परिपत्रक येण्याची वाटही पाहायला नको. जिल्ह्यातल्या मातामृत्यूंचा आढावा जिल्हाधिकाऱ्यांपुढे होतो आणि मृत बाईच्या घरच्यांनाही तिथे बोलावतात. पुढच्या बैठकीत रोस्टर टेबलावर मागून घ्यावे आणि त्या घरच्यांच्या समोरच ते वाचावे.