नुसती अश्वशक्ती पाहू नका

अमेरिकेत मोटारहोम घेणाऱ्यांना गेल्या अंकातील पत्रलेखकांनी सल्ला दिला आहे: फोर्ड एफ-५३ चासीवरचे ७.३ लिटरचे पेट्रोल इंजिन ३५० अश्वशक्ती देते, फ्रेटलायनर चासीवरचे कमिन्सचे ६.७ लिटर डिझेल ३६०. मग डिझेलवर इतका जादा खर्च कशाला? हा सल्ला अपुरा आहे, आणि घाटात धोक्याचाही.

चढावर वजन ओढतो तो टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर. फोर्डचा ४६८ पौंड-फूट, कमिन्सचा ८००, तोही बऱ्याच कमी फेऱ्यांत. कोलोरॅडोत आय-७० महामार्ग आयझेनहॉवर बोगद्यापाशी ११,००० फुटांच्या वर जातो. तिथल्या विरळ हवेत टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाची ताकद सुमारे तीस टक्क्यांनी घटते. टर्बो डिझेलला ती झळ फारच कमी बसते. उतारावर एक्झॉस्ट ब्रेकचा आधार वेगळाच.

मागे जीप जोडणाऱ्यांनी तर आणखी एक आकडा पाहायलाच हवा: मोटारहोम आणि ओढायची गाडी यांची एकत्रित वजनमर्यादा. एफ-५३ ची २६,००० पौंडांची चासी घ्या. तिची एकत्रित मर्यादा ३०,०००. म्हणजे पूर्ण भरलेल्या गाडीमागे उरतात ४,००० पौंड, हूकवर ५,००० लिहिलेले असले तरी! चार दारांची जीप रँग्लर सहज त्याहून जड भरते.

पेट्रोल चासी स्वस्त आणि दुरुस्तीला सोपी, हे मान्य. सपाट प्रदेशात, मागे काही न जोडता फिरणाऱ्यांनी तीच घ्यावी. पण गाडी जोडायची असेल, तर आधी पाण्याच्या टाक्या, सामान आणि माणसांसह मोटारहोम ट्रक-थांब्यावरच्या काट्यावर तोलून घ्या.

आपला,
एक वाचक, डेन्व्हर