धोकादायक इमारतीची नोटीस आणि भाडेकरूचा कागद

प्रति,
मा. आयुक्त, बृहन्मुंबई महानगरपालिका, आणि
मा. उपाध्यक्ष तथा मुख्य कार्यकारी अधिकारी, म्हाडा, यांस

दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर मुंबईत मोडकळीस आलेल्या इमारतींच्या दोन याद्या निघतात. एक महापालिकेची असते आणि दुसरी म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाची, कारण १९६९ च्या कायद्याने ज्या जुन्या भाडेकरू इमारतींच्या दुरुस्तीसाठी उपकर बसवला, त्या ‘उपकरप्राप्त’ इमारती मंडळाच्या वाट्याला आल्या. प्रारंभी त्यांची संख्या १९,६४२ होती. ही विभागणी सोयीची खरी, पण २०१९ मध्ये डोंगरीत केसरबाई इमारतीचा भाग कोसळला, तेव्हा तो कोणाच्या अखत्यारीत, याचाच वाद उभा राहिला. तेव्हा दोन्ही यंत्रणांनी प्रत्येक इमारतीसाठी एकच नोंद ठेवावी आणि तिच्यासमोर जबाबदार अभियंत्याचे पद लिहावे, ही पहिली विनंती.

कायद्याची उणीव फारशी नाही. मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३ब नुसार तीस वर्षांहून जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी, म्हणजेच बोलीभाषेतले ‘स्ट्रक्चरल ऑडिट’, बंधनकारक आहे आणि धोकादायक बांधकाम पाडण्याची वा दुरुस्त करण्याची नोटीस कलम ३५४ खाली निघते. तपासणीअंती तातडीने रिकामी करून पाडण्याजोगी इमारत ‘सी-१’ ठरते, तर जिथे कोणाला न हलवता दुरुस्ती शक्य असते ती ‘सी-२बी’. मालकाच्या अभियंत्याने ‘सी-१’ म्हणावे आणि भाडेकरूंच्या अभियंत्याने त्याच इमारतीला ‘सी-२बी’ ठरवावे, असे घडले की प्रकरण तांत्रिक सल्लागार समितीकडे जाते आणि तिथे वेळ जातो. या निर्णयाला ठरावीक मुदत असली पाहिजे.

मात्र अंमलबजावणी खरी अडते ती उंबऱ्यावर. १९४७ च्या भाडे कायद्याने प्रमाण भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून ठेवले, त्यामुळे दुरुस्तीवर खर्च करण्याचे कारण मालकापाशी उरले नाही. १९९९ च्या कायद्याने वार्षिक चार टक्के वाढ दिली, पण ती मुळातल्या नगण्य रकमेवर. अशा इमारतीत मालकाला जमीन मोकळी झालेली परवडते आणि पागडी भरून आलेल्या भाडेकरूला, एकदा बाहेर पडलो तर खोली गेली, ही भीती छताच्या भीतीहून मोठी वाटते. संक्रमण शिबिरात, म्हणजे तात्पुरत्या पर्यायी घरांत, वर्षानुवर्षे अडकलेली कुटुंबे त्याने पाहिलेली असतात. त्याच्या हट्टाला अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे आहे. इमारत पाडली गेली तरी भाडेकरूचा हक्क संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये शहा रतनशी खीमजी प्रकरणात स्पष्ट केले, आणि त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयानेही पाडण्यापूर्वी भाडेकरूंची यादी व त्यांच्या जागेचे मोजमाप नोंदवण्याचे निर्देश महापालिकेला दिले. हा हक्क निकालपत्रात सुरक्षित असला तरी टेकू लावलेल्या जिन्यावरून सामान उतरवणाऱ्या माणसाच्या हातात तो कागदाच्या रूपाने असावा लागतो.

म्हणून दुसरी आणि मुख्य विनंती अशी की, कलम ३५४ च्या नोटिशीबरोबरच प्रत्येक भाडेकरूला त्याचे नाव, खोली क्रमांक व मोजलेले चटईक्षेत्र, म्हणजे भिंतींच्या आतले वापराचे क्षेत्रफळ, नमूद केलेले, वॉर्ड ऑफिसच्या अभियंत्याच्या सहीचे प्रमाणपत्र द्यावे, आणि त्या जागेवरील नवा आराखडा त्या प्रमाणपत्रांशी ताडल्याशिवाय मंजूर करू नये.

सुरुवात महापालिकेने स्वतःच्या मालमत्तांपासून करावी. २७ सप्टेंबर २०१३ रोजी माझगावात कोसळून ६१ जणांचा बळी घेणारी बाबू गेनू मंडईची इमारत महापालिकेचीच होती. त्यानंतर जुन्या चाळींनी दाटलेले ‘बी’ आणि ‘सी’ हे वॉर्ड घ्यावेत, आणि खोल्यांची मोजणी पाणी व वीज तोडण्याच्या आधी, भाडेकरूंच्या समक्ष पूर्ण करावी.