‘ओला दुष्काळ’ इंग्रजीत कसा लिहाल? एका शब्दाने बदलते मदतीची रक्कम

डिजिटल डेस्क, छत्रपती संभाजीनगर : सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यातील शेते पाण्याखाली गेली आणि ‘ओला दुष्काळ जाहीर करा’ ही मागणी जोर धरू लागली. इंग्रजी बातम्यांत आणि निवेदनांत त्याचा ‘वेट ड्रॉट’ झाला. दुष्काळ संहितेत अशी संज्ञाच नाही, असे सरकारने सांगितले. दुष्काळातील सवलती मात्र दिल्या. शब्द अडला, तरी संकट खरे होते. मग गावाची अडचण इंग्रजीत मांडताना कोणता शब्द वापरावा?

‘वेट ड्रॉट’मध्ये अडचण काय?

‘ड्रॉट’ म्हणजे पावसाची तूट. त्याच्या मागे ‘वेट’ जोडला की मराठी न जाणणारा अधिकारी गोंधळतो. केंद्राच्या आपत्ती निकषांत ‘फ्लड’, ‘क्लाउडबर्स्ट’, ‘हेलस्टॉर्म’ असे ठरलेले शब्द आहेत. पूर असेल तर ‘फ्लड’च लिहा.

‘क्लाउडबर्स्ट’ मात्र जपून वापरा. हवामान खात्याच्या व्याख्येनुसार छोट्या परिसरात तासाभरात सुमारे १०० मिलिमीटर पाऊस झाला, तरच ती ढगफुटी. आपल्याकडे महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. त्यामुळे नुसते ‘हेवी रेन’ लिहू नका. तारीख, मंडळ आणि मिलिमीटर लिहा.

एका शब्दाने किती फरक पडतो?

‘लँड डॅमेज’ या दोन शब्दांत दोन वेगळी नुकसाने लपतात. शेतात गाळ साचला असेल तर २०२२-२६ च्या केंद्रीय निकषांनुसार हेक्टरी १८ हजार रुपये मिळतात. नदीने पात्र बदलून जमीनच वाहून गेली असेल तर ४७ हजार. निर्णय पंचनाम्यावर होतो, हे खरे. पण सोबतच्या अर्जात मोघम शब्द असेल तर वाद घालायलाही आधार उरत नाही.

दुष्काळ : ‘फेमिन’ की ‘स्कॅर्सिटी’?

मराठीत एकच ‘दुष्काळ’. इंग्रजीत उपासमार म्हणजे ‘फेमिन’, पावसाची तूट म्हणजे ‘ड्रॉट’, टंचाई म्हणजे ‘स्कॅर्सिटी’. महाराष्ट्राने १९६३ मध्ये खास कायदा करून राज्यातील कायद्यांतून ‘फेमिन’ हा शब्दच काढून टाकला. नऊ वर्षांनी बहात्तरचा दुष्काळ आला. कागदावर काहीही असले, तरी लोकांनी त्याला दुष्काळच म्हटले. २०२३ मध्ये सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला आणि इतर अनेक मंडळांसाठी ‘दुष्काळसदृश’ हा शब्द वापरला. म्हणजे शब्द तोलून-मापून सरकारही वापरते. मग आपण का वापरू नये?

लिहिताना हे लक्षात ठेवा

• ‘बिग प्रॉब्लेम’, ‘डू द नीडफुल’ टाळा. काय बुडाले, किती हेक्टर, कधी, हे लिहा.
• पिकाचे नुकसान ३३ टक्के किंवा अधिक असेल तर तो आकडा स्पष्ट लिहा. मदतीची अट तीच आहे.
• नेमके काय हवे ते शेवटी एका वाक्यात मागा : पंचनामा, टँकर की वसुलीला स्थगिती.

इंग्रजी न येणाऱ्या शेतकऱ्यावर हा भार टाकणे मात्र योग्य नाही. केंद्राचे इंग्रजी शब्द आणि त्यांचे मराठी अर्थ प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावणे हे प्रशासनाचे काम आहे. पुढच्या पावसाळ्याआधी ते व्हायला हवे.