कवळी ही वस्तू नव्हे, उपचार आहे

शहरातील अनेक घरांत कपाटाच्या कोपऱ्यात एक प्लॅस्टिकची डबी पडून असते. तिच्यात आजोबांची किंवा आजींची कवळी असते. लग्नसमारंभाला किंवा नातेवाइकांकडे जाताना ती तोंडात बसते आणि पान वाढले की बाहेर निघते. जी कवळी चावण्यासाठी करून घेतली, तीच चावताना काढून ठेवावी लागते. या विसंगतीचे खापर साहजिकच डॉक्टरवर, वयावर किंवा खुद्द ज्येष्ठांच्या 'हट्टी' स्वभावावर फोडले जाते. प्रत्यक्षात दोष बहुधा दृष्टिकोनात असतो. चष्मा किंवा काठी विकत आणावी तशी कवळी आणली जाते. तिची निवड, मापे, सराव आणि निगा हा एक दीर्घ उपचार आहे, याची जाणीव कुटुंबाला नसते. शासनाच्या योजनांतही ती पुरेशी दिसत नाही.

या प्रश्नाची व्याप्ती लहान नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षांवरील नागरिकांची संख्या दहा कोटींहून अधिक, तर एकट्या महाराष्ट्रात ती एक कोटीहून अधिक होती. त्यानंतरच्या काळात ती वाढतच गेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरातील साठीपुढील व्यक्तींपैकी सुमारे २३ टक्के लोकांच्या तोंडात एकही नैसर्गिक दात उरलेला नाही. काही दात गमावलेल्यांची संख्या अर्थातच याहून मोठी आहे. दात गेले की भाकरी, शेंगदाणे, कोशिंबीर, पेरू, सफरचंद हे पदार्थ ताटातून एकेक करून नाहीसे होतात. उरतो तो मऊ भात, चहात बुडवलेले बिस्कीट आणि साखरेचा शिरा. मधुमेह असलेल्या व्यक्तीसाठी हा बदल घातक ठरू शकतो. म्हणूनच कवळीचा प्रश्न केवळ चेहऱ्याच्या ठेवणीचा नसून तो पोषणाचाही आहे.

जबडा बदलत राहतो

कवळी कायमची का बसत नाही, हे समजून घेण्यासाठी जबड्याकडे पाहावे लागते. दाताच्या मुळांभोवतीचे हाड दाताच्या आधाराने टिकून असते. दात काढला की ते झिजू लागते. पहिल्या वर्षात ही झीज सर्वाधिक होते आणि पुढे ती मंद गतीने आयुष्यभर चालू राहते. दीर्घकालीन निरीक्षणांत खालच्या जबड्याची झीज वरच्या जबड्याच्या सुमारे चौपट आढळली आहे. वरच्या कवळीला टाळूचा विस्तृत आधार मिळतो आणि लाळेच्या पातळ थरामुळे ती चिकटून राहते. खालच्या कवळीच्या वाट्याला मात्र नालेच्या आकाराची अरुंद पट्टी येते आणि मधे जिभेची सततची हालचाल असते. त्यामुळे 'वरची छान बसली, खालची हलते' ही तक्रार घरोघरी ऐकू येते. ती दरवेळी डॉक्टरच्या हलगर्जीपणाचा पुरावा नसते.

उत्तम बसलेल्या पूर्ण कवळीनेही चावण्याचा जोर नैसर्गिक दातांच्या साधारण चौथ्या ते पाचव्या हिश्श्याइतकाच राहतो. ही मर्यादा आधीच सांगितली गेली, तर पुढचा अपेक्षाभंग पुष्कळ अंशी टळतो.

निवड कशी करावी?

पहिला प्रश्न कोणती कवळी घ्यावी हा नसून उरलेल्या दातांपैकी कोणते वाचवता येतील हा असला पाहिजे. 'सगळे काढून एकदाच कवळी बसवू' हा सल्ला सोपा वाटतो, परंतु दोन-तीन भक्कम दात किंवा मुळेदेखील हाड टिकवतात आणि कवळीला आधार देतात. मुळांवर उपचार करून त्यांच्यावर बसणारी कवळी करता येते. त्यामुळे सरसकट दात काढण्यास संमती देण्यापूर्वी दुसऱ्या दंतवैद्याचे मत घेणे शहाणपणाचे ठरते.

एक-दोन दात गेले असतील आणि शेजारचे दात बळकट असतील, तर पक्का ब्रिज करता येतो. मात्र त्यासाठी शेजारचे चांगले दात घासून लहान करावे लागतात. अधिक दात गेले असल्यास काढता-घालता येणारी अर्धी कवळी करतात. ती अॅक्रिलिकची असल्यास स्वस्त पडते आणि दुरुस्तीस सोपी जाते, पण ती जाड असते आणि पडल्यास मोडते. कोबाल्ट-क्रोमियम या मिश्रधातूच्या ओतीव सांगाड्याची कवळी पातळ व मजबूत असते आणि तिचा भार उरलेल्या दातांवर नीट वाटला जातो. मात्र तिचा खर्च अधिक असतो. लवचिक कवळी दिसायला चांगली आणि तोंडात सुखद असली, तरी तिची दुरुस्ती व अस्तर बदलणे अवघड जाते. एकही दात नसेल तर पूर्ण कवळी किंवा इम्प्लान्टचा आधार, हे दोन मार्ग उरतात.

इम्प्लान्ट म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू. स्वीडनमधील ब्रॉनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णावर हा प्रयोग केला. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात २००२ मध्ये जमलेल्या तज्ज्ञांनी एकमताने असे मत नोंदवले, की दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी दोन इम्प्लान्टवर अडकवलेली कवळी हा प्राधान्याचा उपचार मानावा. म्हणजे तोंडभर इम्प्लान्ट बसवण्याची सक्ती नाही. खालच्या बाजूस दोन बसवले तरी हलणारी कवळी स्थिर होऊ शकते. जाहिरातींच्या गदारोळात हा मधला मार्ग अनेकदा झाकला जातो. अर्थात अनियंत्रित मधुमेह, तंबाखूचे व्यसन, हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून चालू असलेली काही औषधे, यांचा विचार आधी करावा लागतो. सर्व औषधांची यादी दंतवैद्याला दाखवणे आवश्यक आहे, कारण काही औषधांनी तोंड कोरडे पडते आणि लाळ कमी झाली की साधी कवळीही टिकत नाही.

पाच-सहा फेऱ्यांचे काम

पूर्ण कवळी नीट व्हायची तर पाच-सहा फेऱ्या अटळ आहेत. प्राथमिक माप, त्यावरून बनवलेल्या खास ट्रेने घेतलेले अंतिम माप, दोन्ही जबड्यांमधील अंतर व संबंधांची नोंद, मेणावर मांडलेल्या दातांची चाचणी, कवळी बसवणे आणि त्यानंतरच्या तपासण्या असा तो क्रम असतो. यातील मेणावरची चाचणी हा रुग्णाच्या हातातील सर्वात महत्त्वाचा क्षण होय. दातांचा रंग, आकार आणि ओठांचा भरीवपणा या वेळी बदलता येतो. अॅक्रिलिक शिजल्यावर नाही. या फेरीला घरातील एखादी व्यक्ती आणि दात असतानाचे जुने छायाचित्र सोबत नेल्यास नंतरची नाराजी टळते.

दात काढल्यानंतर जखम भरून हिरडी स्थिर होण्यास काही आठवडे ते महिने लागतात. तोवर बोळक्या तोंडाने राहायचे नसेल, तर दात काढल्याच दिवशी बसवायची तात्पुरती कवळी आधी तयार ठेवता येते. मात्र हाड झपाट्याने बदलत असल्याने काही महिन्यांत तिचे अस्तर बदलावे लागते किंवा नवी कवळी करावी लागते. हा दुसरा खर्च आधीच विचारून घ्यावा.

या सर्व फेऱ्यांना फाटा देणारा मार्ग पदपथावर उपलब्ध असतो. तिथे तासाभरात 'फिक्स' दात बसवून मिळतात. जागेवरच कडक होणारे अॅक्रिलिक हिरडीवर थापले जाते, ते तारेने शेजारच्या दातांना बांधले जाते आणि काही वेळा टाळूला चिकटण्यासाठी रबराची चकतीही लावली जाते. हे दात काढून स्वच्छ करता येत नाहीत. त्यांच्याखाली अन्न कुजते, शेजारचे चांगले दात हलू लागतात आणि रबरी चकतीने टाळूला भोक पडल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने नोंदणी नसलेल्या व्यक्तीस या व्यवसायास मनाई केली आणि २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय दंत आयोग कायदा मंजूर केला. तरीही पदपथावरचा धंदा टिकून आहे, कारण तो गरजेवर उभा आहे. ज्याला पाच फेऱ्यांची रोजंदारी बुडवणे परवडत नाही, त्याला तासाभराचे दात आकर्षित करणारच.

सराव आणि निगा

नवी कवळी पहिले काही आठवडे परकी वाटते. लाळ अधिक सुटते, शब्द अडखळतात. रोज थोडा वेळ वर्तमानपत्र मोठ्याने वाचल्यास उच्चार लवकर सुधारतात. सुरुवातीस मऊ पदार्थ, लहान घास आणि दोन्ही बाजूंनी एकाच वेळी चावणे ही पथ्ये पाळावीत. टाळू झाकली गेल्याने चहा किती गरम आहे हे नीट कळत नाही, म्हणून आरंभी सावध राहावे. कुठे टोचत असेल तर कवळी घरी कानशीने घासू नये. डॉक्टरकडे जाण्यापूर्वी काही तास ती घालून ठेवावी, म्हणजे हिरडीवरचा व्रण नेमका दिसतो.

कवळी रोज मऊ ब्रश आणि साध्या साबणाने घासावी. नेहमीच्या टूथपेस्टने अॅक्रिलिकवर बारीक ओरखडे पडतात आणि तिथे जंतू घर करतात. उकळत्या पाण्याने तिचा आकार बिघडतो. धुताना खाली पाण्याने भरलेले भांडे किंवा टॉवेल ठेवल्यास हातातून निसटली तरी ती फुटत नाही. प्रत्येक जेवणानंतर ती खळखळून घ्यावी आणि हिरड्या, टाळू व जीभही मऊ ब्रशने किंवा ओल्या कापडाने पुसावी.

सर्वाधिक दुर्लक्षित नियम रात्रीचा आहे. झोपताना कवळी काढून पाण्यात ठेवली पाहिजे. ती चोवीस तास तोंडात राहिली तर हिरडी लाल होते आणि बुरशीचा संसर्ग होतो. जपानमध्ये पंच्याऐंशी वर्षांवरील पाचशेहून अधिक व्यक्तींच्या पाहणीत, कवळी घालून झोपणाऱ्यांमध्ये न्यूमोनियाचा धोका सुमारे दुप्पट आढळला. हे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांच्या बाबतीत ही जबाबदारी घरच्यांची व शुश्रूषा करणाऱ्यांची आहे. वृद्धाश्रमात किंवा रुग्णालयात कवळ्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून बनवतानाच तिच्यात नाव घालून घेता येते.

कवळी सैल झाली की चिकटवणाऱ्या पेस्टचा थर वाढवत नेणे हा उपाय नव्हे. सैल कवळी हाडाची झीज वाढवते. दरवर्षी तपासणी करून गरजेनुसार अस्तर बदलावे. साधारण पाच ते आठ वर्षांत नवी कवळी करण्याची वेळ येते. दात नसले तरी वार्षिक तपासणी चुकवू नये, कारण तंबाखू आणि मिश्रीच्या आपल्या राज्यात दोन आठवड्यांहून अधिक टिकणारा तोंडातील व्रण हा कर्करोगाचा इशारा असू शकतो.

योजनांतील पोकळी

इतके सातत्य मागणारा हा उपचार शासनाच्या कोणत्या चौकटीत बसतो? केंद्र सरकारने १ एप्रिल २०१७ रोजी सुरू केलेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत काठी, श्रवणयंत्र, चष्मा, चाकांची खुर्ची यांच्या जोडीला कवळीचाही समावेश आहे, ही स्वागतार्ह बाब होय. तथापि, या योजनेची रचना एका शिबिरात तपासणी आणि दुसऱ्या शिबिरात वाटप अशी आहे. काठीसाठी ती पुरेशी आहे. कवळीसाठी दंतवैद्य, प्रयोगशाळा आणि वाटपानंतरच्या फेऱ्या हव्यात. महाराष्ट्राने २०२४ मध्ये आणलेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पासष्ट वर्षांवरील पात्र ज्येष्ठांना साधने घेण्यासाठी तीन हजार रुपये देण्याची तरतूद करण्यात आली. शासन निर्णयात चष्मा, श्रवणयंत्र, वॉकर, कमोड खुर्ची, कमरेचा व मानेचा पट्टा यांची नावे आहेत. कवळीचे नाव नाही.

आयुष्मान भारत योजनेचा लाभ २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढील सर्वांना खुला झाला, परंतु तिचा गाभा रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांचा आहे. कवळीसाठी कोणी दाखल होत नाही. बहुतेक खासगी आरोग्य विमा पॉलिसीही अपघाताचा अपवाद सोडल्यास दंतोपचार वगळतात. म्हणजे वृद्धाच्या हृदयशस्त्रक्रियेसाठी पाच लाखांचे संरक्षण आहे आणि त्याच वृद्धाला भाकरी चावता यावी यासाठी मात्र खिसाच चाचपावा लागतो.

दिलासा मिळतो तो दंत महाविद्यालयांत. मुंबईतील नायर रुग्णालय दंत महाविद्यालय तसेच मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत कृत्रिम दंतशास्त्राचे विभाग आहेत आणि तिथे कवळीचे काम खासगी दवाखान्याच्या मानाने कमी दरात होते. विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. त्यात वेळ अधिक जातो, पण एकही पायरी गाळली जात नाही. तथापि ही केंद्रे मोठ्या शहरांत आहेत आणि गुडघेदुखीने त्रस्त वृद्धाला लोकलने पाच-सहा वेळा ये-जा करणे सोपे नाही.

यावर तोडगा असाध्य नाही. कवळीचे अनुदान केवळ वस्तूच्या किमतीवर न बेतता सर्व फेऱ्या आणि पहिल्या वर्षाची देखभाल धरून ठरवावे. राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांतील दंत विभागांना प्रयोगशाळेची जोड द्यावी. दंत महाविद्यालयांची फिरती पथके वृद्धाश्रम आणि ज्येष्ठ नागरिक संघांपर्यंत न्यावीत. कुटुंबांनीही कवळी 'आणून दिली' की कर्तव्य संपले असे न मानता पुढच्या तपासण्यांना ज्येष्ठांसोबत जावे. नवी कवळी योग्य झाली की नाही, हे बसवल्या दिवशीच्या आरशात कळत नाही. सहा महिन्यांनी ती जेवणाच्या पानावर तोंडात असते की डबीत, यावरून ते ठरते.