यवनाचा गरुडध्वज

आज गोकुळाष्टमी. मध्यरात्री घरोघरी पाळणा हलेल, सुंठवडा वाटला जाईल. या पुण्यदिनी वासुदेवाच्या एका दूरदेशीच्या भक्ताचे स्मरण व्हावे, असे आम्हांस वाटते.

मध्य प्रदेशात विदिशेजवळ बेसनगर येथे एक शिलास्तंभ आहे. लोक त्यास ‘खांबबाबा’ म्हणून शेंदूर माखीत. त्याखालील ब्राह्मी लेख १९०९ साली उजेडात आला. तक्षशिलेचा रहिवासी, दियाचा पुत्र हेलिओदोर हा यवनराजा अंतलिकिताचा दूत होऊन राजा भागभद्राकडे आला आणि देवाधिदेव वासुदेवाप्रीत्यर्थ त्याने हा गरुडध्वज उभारला, असे तो लेख सांगतो. काळ इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाची अखेर. अंतलिकिताच्या नाण्यांवर ग्रीकांचा देव झ्यूस विराजमान. त्याचा दूत मात्र स्वतःस ‘भागवत’ म्हणवितो!

कोणी म्हणतील, ही राजनीती. असेलही. परंतु दम, त्याग आणि अप्रमाद ही स्वर्गाची तीन पावले होत, असेही त्याने कोरविले आहे. केवळ राजास खूश करण्यासाठी इतके कोण लिहील?

आपल्या नाणेघाटातील सातवाहन लेखातही संकर्षण-वासुदेवांस वंदन आहे. सह्याद्रीपासून तक्षशिलेपर्यंत पसरलेल्या त्या भक्तीने यवनासही ‘भागवत’ या नावाचा अधिकार दिला. मग आज दारी आलेल्या भाविकाचे कूळ विचारणारे आपण कोण? या रात्री पाळण्याची दोरी ज्याला ओढावीशी वाटेल, त्याच्या हाती ती निःशंकपणे द्यावी. आमच्या मते अष्टमीचे खरे व्रत हेच.