उलटी वाहणारी नदी

सहावीच्या वर्गात मी सांगत होते, ‘नदी उगमाकडून समुद्राकडे वाहते.’ कोकणातून नुकतीच आमच्या शाळेत आलेली एक मुलगी उठून म्हणाली, ‘मॅडम, आमच्या नानीच्या गावी नदीचं पाणी कधीकधी उलटं जातं.’ वर्ग हसला. मीही हसले आणि धडा पुढे नेला.

त्या हसण्याची लाज मला वाटली, ती पुढे उत्तर जर्मनीतल्या एका नदीविषयी वाचताना. तिचं नाव क्रूकाऊ. लांबी जेमतेम 38 किलोमीटर. काल्टेनकिर्खेनजवळ उगम पावते, एल्म्सहॉर्न शहरातून जाते आणि मोठ्या एल्बे नदीला मिळते. एल्म्सहॉर्नपासून खाली तिच्यात बोटी चालतात. धान्याची जहाजं शहरातल्या ओट्सच्या गिरणीपर्यंत येत. एकोणिसाव्या शतकात तर इथली जहाजं देवमाशांच्या शिकारीला थेट ग्रीनलँडकडे जात.

एवढ्याशा नदीत जहाजं येत ती भरतीच्या जोरावर. समुद्राची भरती एल्बेतून आत शिरते, दिवसातून दोनदा क्रूकाऊचं पाणी उलटं फिरतं आणि पात्र भरतं.

पण हेच पाणी घातही करतं. 16 फेब्रुवारी 1962 च्या रात्री वादळाने समुद्र एल्बेत लोटला. एकट्या हॅम्बुर्गमध्ये 315 माणसं गेली. एल्बेला मिळणाऱ्या छोट्या नद्यांच्या काठीही पाणी घुसलं. त्यानंतर क्रूकाऊच्या मुखाशी मोठे दरवाजे बांधले गेले. 1969 पासून ते काम करतात. एरवी ते उघडे असतात. पाणी धोक्याची पातळी गाठू लागलं की बंद होतात आणि उतरलं की पुन्हा उघडतात. कायमचे बंद ठेवले, तर नदीचं स्वतःचं पाणी आतच तुंबेल.

त्या काठच्या लोकांनी ‘नदी उलटी वाहत नाही’ असं धरून चाललं असतं, तर हे दरवाजे कोणी बांधले असते?

दुसऱ्या दिवशी मी वर्गासमोर त्या मुलीची माफी मागितली आणि तिच्या हाती खडू दिला. तिने फळ्यावर नानीच्या गावची खाडी काढली, भरतीचे बाण काढले. तो तास तिनेच घेतला.

आपल्या घरातलं मूल पुस्तकापेक्षा वेगळं काही सांगू लागलं, तर हसण्याआधी एकदा विचारा, ‘बेटा, तू हे कुठे पाहिलंस?’