पाणअस्वलाची ढाल आणि आलेले तोंड

तोंडाच्या कर्करोगावर किरणोपचार सुरू झाले की दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात रुग्णाचे तोंड येते. हे उष्णतेने येणारे नेहमीचे तोंड नव्हे. गालाच्या आतले आवरण सोलवटून निघते, मऊ वरणभातही गिळवत नाही, काहींना नाकातून नळी घालावी लागते. उपचार सहा-सात आठवड्यांचे. आठवड्यातून पाच दिवस, रोज साधारण 2 ग्रे. वेदना असह्य होऊन मध्ये खंड पडला, तर गाठ आटोक्यात येण्याची शक्यता घटते. तंबाखूने पोखरलेल्या आपल्या देशात असे रुग्ण थोडे नाहीत. म्हणूनच टार्डिग्रेडवरील संशोधन केवळ गंमत म्हणून वाचून सोडण्यासारखे नाही.

टार्डिग्रेड, म्हणजे पाणअस्वल, हा शेवाळात आणि पाण्यात राहणारा आठ पायांचा, जेमतेम अर्धा मिलिमीटर लांबीचा प्राणी. माणसाच्या सर्वांगावर एकदम 4-5 ग्रे किरणोत्सर्ग पडला आणि उपचार मिळाले नाहीत, तर निम्मी माणसे दगावतात; काही पाणअस्वले हजारो ग्रे पचवतात. 2016 मध्ये टोकियो विद्यापीठातील ताकेकाझू कुनिएदा यांच्या गटाने त्यामागचे एक प्रथिन उजेडात आणले. त्याचे नाव ‘डीसप’. ते प्रयोगशाळेतील मानवी पेशींत तयार होऊ लागले, तेव्हा क्ष-किरणांमुळे होणारी डीएनएची हानी सुमारे 40 टक्क्यांनी कमी झाली. किरणांमुळे पेशीतल्या पाण्यापासून हायड्रॉक्सिल रॅडिकल हे अतिक्रियाशील रेणू बनतात आणि डीएनएवर तुटून पडतात. डीसप डीएनएच्या गुंडाळीला बिलगून ते वार झेलते.

लगेच मंगळावर निघालेल्या माणसांची चित्रे रंगू लागली. माणसाच्या जनुकांतच हे प्रथिन कायमचे बसवावे, इथवर कल्पनेची धाव गेली. ती तिथेच थांबलेली बरी. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चेतापेशींमध्ये याच डीसपने डीएनएची हानी उलट वाढवल्याचे दिसले. एका पेशीची ढाल दुसरीला जाच ठरू शकते.

2025 मध्ये जोव्हानी ट्रॅव्हर्सो, जेम्स बर्न आणि अमेय किर्तने यांच्या गटाने निवडलेली वाट अधिक शहाणपणाची आहे. त्यांनी जनुकांना हात लावला नाही. करोना लशीमुळे घरोघरी माहीत झालेला एमआरएनए सूक्ष्म कणांत भरून, किरण देण्याच्या काही तास आधी उंदरांच्या गालात किंवा गुदाशयात टोचला. पेशींनी थोडा काळ डीसप तयार केले, आणि डीएनएचे दोन्ही धागे तुटण्याचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. संरक्षण टोचलेल्या जागेपुरतेच राहिले. गाठीला त्याचा फायदा मिळाला नाही. तात्पुरते आणि जागच्या जागी, हेच या प्रयोगाचे खरे बळ.

पण उंदराच्या गालापासून माणसाच्या गालापर्यंतचे अंतर मोठे आहे. किरण तीस-पस्तीस वेळा द्यायचे, तर आधीच सोललेल्या तोंडात तितक्या वेळा सुई टोचायची का? परक्या प्राण्याचे प्रथिन वारंवार दिसल्यावर शरीराची प्रतिकारयंत्रणा गप्प बसणार नाही. संशोधकही त्यासाठी प्रथिनात बदल करू पाहत आहेत. त्याहून अवघड प्रश्न गाठीच्या कडेचा. तोंडाचा कर्करोग शेताच्या बांधासारखी सरळ हद्द पाळत नाही. आसपास विखुरलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशी मराव्यात म्हणून डॉक्टर गाठीभोवतालच्या भागावरही मुद्दाम किरण सोडतात. ढाल नेमकी त्याच पेशींच्या हाती पडली, तर आज वाचलेले तोंड दोन वर्षांनी जीवावर बेतेल.

त्यामुळे माणसांवर चाचण्या होतील तेव्हा डीएनएचे तुकडे मोजून भागणार नाही. रुग्णाने किती दिवस तोंडाने जेवण घेतले, वजन किती उतरले, किरणांच्या किती पाळ्या चुकल्या आणि दोन-तीन वर्षांत गाठ परतली का, याची नोंद हवी.